आयता मांडव चालत नाही

घरामागच्या परसात लाकडी पर्गोला आहे. चार खांब, वर तुळया, तुळयांवर आडव्या पट्ट्या आणि त्यांवर वर्षानुवर्षं जोपासलेला द्राक्षाचा वेल. बेर्शेबा, दिमोना, येरुहाम अशा इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या गावांत ही सावली म्हणजे घराची आणखी एक खोलीच असते. दुपारी तिथं भाजी निवडायची, संध्याकाळी चहा घ्यायचा. मग ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची पौर्णिमा जवळ येते आणि तिच्याबरोबर सुक्कोत येतो. सात दिवस मांडवात जेवायचं, बसायचं, जमेल त्यांनी झोपायचंही, असा हा सण. मांडव तर घरात तयारच आहे, तीन बाजूंनी पडदे लावले आणि टेबल-खुर्च्या मांडल्या की झालं, असं कुणालाही वाटेल.

ज्यू धर्मशास्त्र म्हणतं, नाही झालं. वेल जमिनीत मुळं रोवून उभा आहे. त्याची सावली कितीही दाट असली तरी सुक्क्याच्या, म्हणजे सणाच्या मांडवाच्या, छतासाठी ती धरता येत नाही. हा प्रश्न आजच्या बंगलेवाल्यांनी उकरून काढलेला नाही. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, सुक्क्याच्या नियमांना वाहिलेल्या भागाच्या पहिल्याच अध्यायात तो आलेला आहे. तिथं तीन वेलींची नावं आहेत: द्राक्ष, भोपळा आणि आयव्ही. यांपैकी एखादा वेल मांडवावर चढवून त्यावर छप्पर घातलं, तर मांडव बाद. टाकलेलं छप्पर वेलापेक्षा जास्त असेल किंवा वेल कापला असेल, तर मात्र तो चालतो. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांचे मांडव आणि घरोघरच्या परसात दुधी-दोडक्याचे मांडव पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वाक्य कुठल्या परक्या ग्रंथातलं वाटू नये.

सणाचं मूळ तोरातल्या लेवीय ग्रंथाच्या 23व्या अध्यायात आहे. मिसरमधून सुटल्यावर इस्राएली लोक रानात झोपड्यांमध्ये राहिले; पुढच्या पिढ्यांना ते कळावं म्हणून सात दिवस मांडवात राहायची आज्ञा तिथं दिली आहे. त्याच काळात पिकं घरी येतात, त्यामुळे तो सुगीचाही सण आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून लोक यरुशलेमला परतले, तेव्हा त्यांनी हा सण कसा पाळला, त्याचं वर्णन नहेम्याच्या ग्रंथात आहे. डोंगरावर जाऊन जैतून, रानजैतून, मेंदीसारखी दिसणारी सुवासिक मर्टल, खजूर आणि दाट पानांच्या झाडांच्या फांद्या आणल्या. मांडव घातले ते धाब्यांवर, अंगणांत, मंदिराच्या आवारांत आणि वेशीजवळच्या चौकांत. घराला जोडून जी मोकळी जागा आहे तीच वापरायची, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. कुठेतरी दूर माळावर जाऊन राहा, असं कुणी सांगितलं नाही. म्हणूनच हाताशी आहे त्यात बदल करण्याचा प्रश्न या सणाच्या पोटातच आहे.

नियमांचा गाभा छप्पर आहे. भिंती कशाच्याही चालतात: दगड, पत्रा, फळ्या, कापड, शेजारच्या घराची भिंत. मिश्ना तर झाडांच्या रांगेलाही भिंत मानते. छताला मात्र हिब्रूत वेगळं नाव आहे, स्खाख, आणि त्याच्या अटी कडक आहेत. ते जमिनीतून उगवलेलं असलं पाहिजे, जमिनीपासून तोडलेलं असलं पाहिजे, आणि त्याचं भांडं, अवजार किंवा अंथरूण झालेलं नसलं पाहिजे. म्हणून खजुराच्या झावळ्या चालतात, बांबू चालतो, निलगिरीच्या फांद्या चालतात. पत्रा, प्लास्टिक, ताडपत्री नाही. बोरूची चटई झोपण्यासाठी विणली असेल तर चालत नाही, छपरासाठी विणली असेल तर चालते. वस्तू तीच, विणणाऱ्याचा हेतू वेगळा. आज इस्रायलच्या बाजारात सणाआधी गुंडाळलेल्या बांबूच्या चटया विकायला येतात, त्यांवर धर्मपंडितांचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्याचं कारण हेच. अनेक नगरपालिका त्या दिवसांत रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करून फांद्या लोकांना उपलब्ध करून देतात.

खाली पडणाऱ्या उन्हापेक्षा सावली जास्त असली पाहिजे. तरी छप्पर इतकं जाडही नको की आभाळाशी संबंध तुटेल. रात्री त्यातून तारे दिसावेत अशी रीत आहे. उंची दहा मुठींपेक्षा कमी नको, वीस हातांपेक्षा जास्त नको. सहा मुठींचा एक हात. एक मूठ म्हणजे सुमारे आठ सेंटीमीटर, असं एक मत. साडेनऊच्या पुढे, असं दुसरं, जास्त कडक मत. त्या हिशेबानं कमीत कमी उंची 80 सेंटीमीटर ते एक मीटरच्या आत आणि जास्तीत जास्त साडेनऊ मीटरच्या वर येते. सांभाळून वागणारा माणूस दोन्ही मापं वापरतो: फट मोजताना लहान मूठ, उंची मोजताना मोठी.

आता पुन्हा त्या द्राक्षाच्या वेलाकडे येऊ. कापला तर चालतो, असं मिश्ना म्हणते. पण कापलेला वेल जागच्या जागी पडून राहिला तर? तिसऱ्या शतकात बाबिलोनमध्ये रव आणि श्मुएल नावाचे दोन मोठे गुरू होऊन गेले. रव म्हणाले, कापणं पुरेसं आहे. श्मुएल म्हणाले, पुरेसं नाही. कापल्यावर तो हलवला पाहिजे. पुढे शास्त्र श्मुएलांच्या बाजूनं ठरलं. म्हणजे मुळाशी वेल तोडायचा, मग शिडीवर चढून एकेक फांदी उचलायची, परत खाली ठेवायची, मग पुढची उचलायची. फांद्या जिथं होत्या तिथंच राहतात. सावली तेवढीच राहते. खालून पाहणाऱ्याला काही फरक कळणार नाही. तरी आधीचा मांडव बाद होता आणि आताचा योग्य आहे.

या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. तोराच्या पाचव्या ग्रंथात मांडवांचा सण ‘कर’ असं क्रियापद आहे. त्यावरून शास्त्रकारांनी तत्त्व काढलं की मांडव तू करायचा; आधीच होऊन बसलेल्यातून तो आपोआप निर्माण होता कामा नये. लग्न कार्यालयात असलं तरी घरासमोर मुहूर्तमेढ रोवल्याशिवाय आपल्याकडे कार्याला सुरुवात झाली असं वाटत नाही, तसंच काहीसं. इथं मात्र ती नुसती सुरुवात नसून पूर्ण छतच हातून व्हावं लागतं. मिश्नामधलं याच जातीचं दुसरं उदाहरण शेतकऱ्याला लगेच कळेल. कडब्याच्या गंजीला बाजूनं भोक पाडून आत खोली केली, तर तो सुक्का नाही. भिंती आहेत, वर पेंढ्या आहेत, पेंढ्या जमिनीपासून तोडलेल्याही आहेत. पण छप्पर कुणी घातलेलं नाही. खालचं काढून घेतल्यावर वर जे उरलं ते छप्पर झालं.

हे वाचून कुणाला वाटेल की हे शास्त्र जुन्या बांधकामाच्या विरोधात आहे. ते तसं नाही. मिश्नावरच्या पुढच्या चर्चांच्या ग्रंथात, तालमूदमध्ये, गुराख्यांच्या, पिकाची राखण करणाऱ्यांच्या खोप्यांची चर्चा आहे. शेतावरच्या राखणदारानं सुक्कोत मनातही न आणता, केवळ उन्हापासून वाचायला डोक्यावर फांद्या टाकल्या असतील, तर ती खोप सुक्का म्हणून चालते. बांधणारा ज्यू नसला तरी चालते. अट एवढीच की छप्पर सावलीसाठी घातलेलं असावं आणि नियमात बसावं. महिनाभर आधी घातलेल्या जुन्या मांडवाबद्दल शम्माय आणि हिल्लेल यांच्या पंथांत वाद होता; हिल्लेलच्या पंथानं तो मान्य केला. फक्त दर वर्षी त्यात मूठभर तरी काही नवीन करा, असं पुढच्यांनी सांगितलं. राखणदाराच्या खोपीला मान आणि बंगल्यातल्या हिरव्यागार मांडवाला नकार! या निवाड्यात मला फार मोठा समंजसपणा दिसतो. खोप कुणीतरी हातानं शाकारलेली आहे. वेल आपणहून चढला आहे.

मग वेल नसलेल्या, नुसत्या लाकडी पट्ट्यांच्या पर्गोलाचं काय? तो तर सावलीसाठीच केलेला आहे. इथं दुसरी भीती आड येते: माणूस उद्या म्हणेल, फळ्यांचं छत चालतं तर माझ्या घराचं छतही फळ्यांचंच आहे, मी घरातच बसतो. म्हणून चार मुठी, म्हणजे साधारण 32 सेंटीमीटर रुंदीची फळी बाद ठरली आणि पुढे अरुंद फळ्याही वापरू नयेत अशी रीत पडली. मिश्नामध्ये यावरही थेट उपाय आहे. वर लिंपण नसलेलं फळ्यांचं जुनं छत असेल, तर हिल्लेलचा पंथ म्हणतो, खिळे ढिले करून फळ्या हलवा, किंवा दर दोन फळ्यांमधली एक काढा. शम्मायचा पंथ म्हणतो, दोन्ही करा. रब्बी मेईर म्हणतात, एक काढा, ढिलं करायची गरज नाही. पर्गोला हा शब्दही त्यांच्या कानावर आला नव्हता. पण एकाआड एक पट्टी काढून मधल्या जागेत झावळ्या टाकायच्या, हा आजच्या सुताराचा उपाय त्यांच्याच वादातून आलेला आहे.

धातूच्या पर्गोलाचं गणित आणखी नाजूक आहे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची सावली स्खाखमध्ये धरली जात नाही. पट्ट्या इतक्या जवळजवळ असतील की त्यांनीच अर्ध्याहून अधिक ऊन अडतं, तर वर कितीही फांद्या टाकल्या तरी उपयोग नाही, कारण सावली मुळात पट्ट्यांची आहे. मिश्नामध्ये लोखंडी शिगा किंवा खाटेच्या लाकडी बाजू वर टाकून केलेल्या छताचं उदाहरण आहे. त्यांच्यामधली मोकळी जागा त्यांच्याइतकी असेल आणि ती योग्य स्खाखनं भरली असेल, तर मांडव चालतो. तेव्हा धातूच्या पर्गोल्यात पट्ट्यांपेक्षा फटी जास्त हव्यात. त्यातही काळजी घेणारे लोक झावळ्या थेट धातूवर ठेवत नाहीत. आधी लाकडाचे दांडे आडवे टाकतात आणि त्यांवर झावळ्या रचतात, म्हणजे छताला आधार लाकडाचा मिळतो.

इस्रायलच्या बांधकाम कायद्याचं याच गणिताशी छान जमतं. 2014च्या नियमांनुसार ठरावीक आकाराच्या पर्गोल्याला परवानगी लागत नाही. पर्गोला म्हणजे काय, तर खांबांवर उभी असलेली, भिंती नसलेली अशी रचना, जिच्या छतातल्या फटी समान वाटलेल्या असतात आणि किमान 40 टक्के भाग मोकळा असतो. सरकारला छतात मोकळं आभाळ हवं, कारण ते बंद झालं की खोली झाली. शास्त्रालाही आभाळ हवं आणि तेही याच कारणानं. शिवाय शास्त्राला निम्म्याहून जास्त सावली हवी. साठ टक्के झाकलेला आणि चाळीस टक्के उघडा लाकडी पर्गोला दोघांनाही नाखूश करत नाही. झावळ्या त्यावर काही दिवसच असतात.

भिंतींकडे लोकांचं लक्ष कमी असतं आणि चुका तिथंच होतात. पर्गोल्याला खांब असतात, भिंती नसतात. कमीत कमी दोन पूर्ण भिंती आणि तिसरीचा थोडा तुकडा, एवढं तालमूद मागतो. आज बहुतेक घरांत तीन किंवा चार पूर्ण भिंती करतात. घराची मागची भिंत एक बाजू म्हणून आयती मिळते आणि इथं आयती चालते. भिंतींबाबत शास्त्र किती उदार आहे, हे पाहायचं तर तालमूदमधला हत्ती आठवावा. मांडवाच्या एका बाजूला हत्ती बांधला तर तो भिंत होईल का, अशी तिथं गंभीर चर्चा आहे. हत्ती बांधलेला असेल तर होईल, असं सगळे मानतात. तो मेला तरी त्याचं कलेवर दहा मुठींहून उंच राहील, असं कारण दिलं आहे. भिंत हत्तीची चालते, पण वाऱ्यानं फडफडणारं कापड चालत नाही! पर्गोल्याच्या खांबांना चादरी बांधणाऱ्यांची अडचण ती हीच. त्यावर तोडगा असा की तीन मुठींपेक्षा, म्हणजे 24 सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर शास्त्र बंद असल्याप्रमाणे धरतं. म्हणून खांबाखांबांतून जमिनीपासून तेवढ्या तेवढ्या अंतरावर चार-पाच पट्टे ताणून बांधायचे. एक मीटरपर्यंत पट्टे झाले की भिंत उभी राहिली. कापड मग केवळ आडोशासाठी.

घराला चिकटून असलेल्या पर्गोल्याची आणखी एक अडचण म्हणजे घराची पुढे आलेली पागोळी. भिंतीपासून मीटरभर काँक्रीट किंवा कौलं, मग पुढे झावळ्या. त्या मधल्या पट्ट्याखाली काय करायचं? तो पट्टा चार हातांपेक्षा, म्हणजे सुमारे 1.9 मीटरपेक्षा कमी असेल, तर घराची भिंतच वर जाऊन वाकली आहे आणि पागोळी हा तिचाच भाग आहे, असं समजायचं. अशा पागोळीमुळे मांडव बाद होत नाही. फक्त जेवायला बसताना टेबल पुढे, झावळ्यांखाली ओढायचं. ‘वाकलेली भिंत’ ही कल्पना मला स्थापत्याच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभेल इतकी सुंदर वाटते.

शेजारच्या झाडाची फांदी वर आली असेल तर इतकी सवलत नाही. झाडाखालचा मांडव म्हणजे घरातला मांडव, हा मिश्नाचा शब्द. आंब्याखाली, चिंचेखाली मांडव घालायची आपली सवय इथं चालणार नाही. पॉलीकार्बोनेटची पारदर्शक छतंही तशीच. त्यांतून तारे दिसतात, पण ती काढल्याशिवाय सुक्का होत नाही.

काढता येणाऱ्या छतांची गोष्ट जुनी आहे. सोळाव्या शतकात क्राकूवमध्ये राहणाऱ्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी शुल्हान आरूख या धर्मसंहितेवर टिपा लिहिल्या. उघडझाप करता येणाऱ्या छताखाली सुक्का करायला त्यांनी परवानगी दिली. छताला बिजागऱ्या असतील तर सणाच्या दिवशीही पाऊस आला की मिटावं आणि थांबला की उघडावं. पोलंड-जर्मनीच्या गारठ्यात हे फार उपयोगी होतं. अनेक घरांत माळ्याचं किंवा ओसरीचं छप्पर दोरीनं उचलता येईल असं बांधलेलं असे. वर्षभर ती खोली, आठवडाभर सुक्का. आज बटण दाबून पट्ट्या फिरणारे पर्गोले विकले जातात, त्यांच्याबाबतचे निवाडे याच टिपेचा आधार घेतात. बव्हेरियातल्या फिशाख गावातला 1837च्या सुमाराचा एक लाकडी सुक्का यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये पाहायला मिळतो. त्याच्या भिंतींच्या आतल्या बाजूवर गावाचं आणि यरुशलेमचं चित्र शेजारी शेजारी रंगवलेलं आहे. नाझी राजवटीत, 1937 साली, त्या फळ्या सामानात घालून देशाबाहेर काढल्या गेल्या. सुटे होणारे तुकडे, क्रमानं जोडायची सोय, हे त्या मांडवाचं रोजचं वैशिष्ट्य होतं आणि त्यामुळेच तो वाचला.

नाब्लसजवळच्या गेरिझीम डोंगरावर आणि होलोनमध्ये राहणारे शोमरोनी लोक, एकूण सुमारे 800, हाच सण वेगळ्या रीतीनं पाळतात. ते घराच्या आतच, दिवाणखान्यात छताखाली कायमची धातूची चौकट अडकवतात आणि तिला डाळिंबं, लिंबं, संत्री अशी फळं दाट लटकवतात. बाहेर मांडव घालणं धोक्याचं झालं होतं त्या छळाच्या काळाची ही आठवण, असं ते सांगतात. रब्बींचे नियम ते मानत नाहीत, त्यामुळे मुठी-हातांचा हिशेब त्यांना नाही. पण फळांची ती छतं पाहिली की सुगीचा सण म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं.

नियम आणि शेजारी यांचा झगडा झाला तर काय होतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. मॉन्ट्रियलच्या एका उच्चभ्रू इमारतीत काही ज्यू कुटुंबं दर वर्षी आपापल्या बाल्कनीत सुक्का उभारत. सोसायटीच्या करारात बाल्कनीवर बांधकाम किंवा सजावट करायला मनाई होती. व्यवस्थापनानं सुचवलं की इमारतीच्या बागेत सर्वांसाठी एकच सुक्का घाला. कुटुंबांना ते पटलं नाही. सात दिवस घराच्या दाराशीच राहायचं, जेवायचं, तर प्रत्येक वेळी खाली बागेत कसं जायचं? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2004 मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालानं कुटुंबं जिंकली. एखादा आचार धर्मात सक्तीचा आहे, असं पंडितांकडून सिद्ध करायची गरज नाही, पाळणाऱ्याची श्रद्धा खरी असणं पुरेसं आहे, असं बहुमतानं म्हटलं. कॅनडात धर्मस्वातंत्र्याच्या खटल्यांत या खटल्याचं ‘अम्सेलेम’ हे नाव आजही पुन्हापुन्हा येतं. आणीबाणीत सुटकेचा मार्ग मोकळा ठेवू, मांडव इमारतीला शोभेल असा घालू, अशी हमी त्या कुटुंबांनी दिली होती; शेजारधर्माच्या दृष्टीनं मला ती निकालाइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि कोकण? तिथल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, आठवणीनुसार त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, तेल गाळायचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. तालमूद त्यांच्याबरोबर आला नव्हता. त्यांच्या जुन्या मराठी सणांच्या यादीत नव्याचा सण आहे, दारफळणीचा सण आहे, खिरीचा सण आहे. मुठी-हातांनी मोजलेला मांडव मात्र पुढच्या काळातला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंशी संबंध वाढले, 1796 साली सामुएल एझिकेल दिवेकरांनी मुंबईत मांडवी भागात शारे रहामीम हे सिनेगॉग बांधलं, आणि मग अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे, पुणे इथं सिनेगॉगं उभी राहत गेली. त्यांच्या आवारांत सुक्का घालायची रीत रुजली. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या सिनेगॉगचं तर नावच सुक्कथ शेलोमो आहे.

छतासाठी कोकणाइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. नारळाच्या, ताडाच्या, शिंदीच्या झावळ्या हाकेच्या अंतरावर, बांबू मुबलक, आणि मांडव बांधणारी माणसं गावोगाव. आवाराच्या भिंतीला टेकून बांबूची चौकट, वर हिरव्या झावळ्या, खाली केळी, मोसंबी, पेरू अशी फळं टांगलेली. टांगलेली फळं सण संपेपर्यंत खायची नाहीत, ती मांडवाची झाली. प्रार्थनेत हातात धरायचं एत्रोग हे लिंबाच्या जातीचं फळ म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या एका हातात तेच आहे. मुंबईच्या इमारतींत प्रत्येकाची बाल्कनी वरच्या मजल्याच्या बाल्कनीनं झाकलेली असते, म्हणून इथला सुक्का बहुतेक सिनेगॉगच्या आवारात, सर्वांचा मिळून. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांना मात्र दिमोना-अश्दोद-लोदमध्ये कुणाला स्वतःचं अंगण, तर कुणाला आभाळाखालची बाल्कनी मिळाली आणि या लेखाच्या सुरुवातीचा पर्गोल्याचा प्रश्नही तिथंच त्यांच्या वाट्याला आला.

चांद्रमासामुळे एक सुंदर योग पुन्हापुन्हा जुळतो. सुक्कोत तिश्रीच्या पौर्णिमेला लागतो आणि ती अनेकदा आपली कोजागरी असते. 2024 मध्ये 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी आणि 2025 मध्ये 6 ऑक्टोबरच्या संध्याकाळी हे दोन्ही सण एकाच चंद्राखाली आले. अधिक महिना मध्ये पडला की मात्र सुक्कोत भाद्रपदाच्या पौर्णिमेला येतो. 2026 मध्ये तो 25 सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी लागेल. म्हणजे शब्बाथ आणि सण एकदमच, आणि झावळ्या सूर्यास्ताच्या आत वर गेल्या पाहिजेत.

सप्टेंबरअखेर मुंबईत पाऊस असतोच. मोसमी वाऱ्यांची शहरातून माघार सरासरी 8 ऑक्टोबरच्या आसपास होते आणि परतीच्या सरी त्याच दिवसांत गडगडतात. नेगेवमध्ये मांडवाला पावसाची चिंता नाही. तिथं पावसासाठीची प्रार्थना सणाच्या शेवटी होते. कोकणात झावळ्यांवर ताडपत्री लागते, आणि तिच्याखाली बसून जेवलं तर ते मांडवातलं जेवण ठरत नाही. म्हणून ताडपत्रीची एक बाजू पक्की आणि दुसरी दोरीवर ठेवायची. सर गेली की दोरी ओढायची, झावळ्या उघड्या करायच्या आणि ताटं पुन्हा बाहेर आणायची. पाऊस किती पडला म्हणजे उठून घरात जावं, यालाही मिश्नामध्ये माप आहे: ताटातली लापशी नासेल इतका. त्रास होत असताना बळेच बसून राहण्याला शास्त्रात मोठेपणा नाही. पहिल्या रात्री मात्र पोलंड-जर्मनीकडच्या अश्केनाझी ज्यूंच्या रीतीत सवलत कमी आहे. त्या रात्री पाऊस थांबायची वाट पाहायची, लागल्यास मध्यरात्रीपर्यंत, आणि नाहीच थांबला तर प्रार्थना म्हणून जैतुनाच्या फळाएवढा भाकरीचा तुकडा तरी त्या ओल्या झावळ्यांखाली बसून खायचा.